शिबलेथ : परवलीचा शब्द की आणखी काही?

मुक्तछंद :
'शिबलेथ' हा इंग्रजी शब्द अलीकडे दोन ठिकाणी वाचला आणि दोन्हीकडचा अर्थ काही केल्या जुळेना. अर्थकारणावरच्या एका लेखात 'सरकारी तूट म्हणजे पापच, हे जुनं शिबलेथ आता सोडायला हवं' अशा धाटणीचं वाक्य होतं. तिथे मी 'घासून गुळगुळीत झालेला समज' असा अर्थ लावून पुढे गेले. मग भाषेवरच्या एका लेखात 'शिबलेथ म्हणून वापरले गेलेले शब्द' अशी यादीच दिसली. त्यात काय, तर चणे, लोणी, ढाल, पार्स्ली! यातला एकही शब्द जुना समज कसा असेल?

शब्दकोशात तीन अर्थ सापडले. एक, परका माणूस ओळखण्यासाठी त्याला उच्चारायला लावलेला शब्द. दोन, एखाद्या गटातल्या माणसाची ओळख पटवणारी लकब, बोली, पेहराव किंवा मत. तीन, एके काळी वजन असलेलं पण आता पोकळ झालेलं घोषवाक्य किंवा तत्त्व. मराठीत याला सहसा 'परवलीचा शब्द' म्हणून मोकळे होतात. ते मला पटत नाही, पण का पटत नाही तेही नेमकं सांगता येत नाही. या तिन्ही अर्थांना जोडणारं काय आहे? आणि हा शब्द कुठे वापरावा, कुठे टाळावा? जाणकारांनी लिहा.

भोचक :
जाणकार येईपर्यंत मी पहिला. उच्चार कोणता? शिबलेथ, शिबोलेथ की शिब्बोलेथ?

ध्वनिमित्र :
इंग्रजीत आघात 'शि'वर. मधला स्वर अगदी पुसट, त्यामुळे कानाला 'शिबलेथ' असंच ऐकू येतं. शेवटी 'लेथ' म्हणा नाहीतर 'लिथ', दोन्ही चालतं. 'शिब्बोलेथ' हे मूळ हिब्रूच्या जवळचं. 'सिबलेथ' तेवढं म्हणू नका, त्यापायी पूर्वी माणसं मेली आहेत. ती गोष्ट कुणीतरी लिहा, माझा टंकनाचा वेग यथातथाच आहे.

ग्रंथकीटक :
लिहितो.

गोष्ट बायबलच्या जुन्या करारातली. मराठी बायबलमध्ये 'शास्ते' नावाचं पुस्तक आहे, त्याच्या १२व्या अध्यायात ती येते, जेमतेम सहा-सात वचनांत. गिलादी आणि एफ्राइमी, दोघेही इस्राएलचेच. गिलादींचा पुढारी इफ्ताह अम्मोनी लोकांशी लढाई जिंकून परत आला, तर एफ्राइमी दारात भांडायला हजर : आम्हाला का नाही बोलावलंत, तुझं घरच जाळतो. त्यातून दोघांची जुंपली. एफ्राइमी हरले आणि घराकडे पळत सुटले. पण घर यार्देन नदीच्या पलीकडे, आणि नदीचे उतार, म्हणजे पायी पार होण्याच्या उथळ जागा, गिलादींनी आधीच धरून ठेवलेले.

उतारावर कुणी आला आणि 'मला पलीकडे जाऊ द्या' म्हणाला की गिलादी विचारायचे, तू एफ्राइमी का? तो अर्थातच नाही म्हणायचा. मग ते म्हणायचे, 'शिब्बोलेथ' म्हण पाहू. एफ्राइमी बोलीत 'श' नीट येत नसे, तो 'सिब्बोलेथ' म्हणायचा आणि तिथेच मारला जायचा. एकूण ४२,००० एफ्राइमी पडले, असं वचन सांगतं. हा आकडा इतिहास म्हणून घ्यायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं.

मला यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की दोन्हीकडची माणसं दिसायला सारखी, देव एक, भाषाही जवळपास एक. चेहऱ्यावरून किंवा कपड्यांवरून ओळखता आलं असतं तर शब्दाची गरजच नव्हती. समोर उघडउघड परका असेल तेव्हा शिबलेथ कुणी काढत नाही. ते लागतं आपल्यासारखाच दिसणारा माणूस वेगळा काढायचा असतो तेव्हा.

शब्दाचा अर्थ : हिब्रूत 'शिब्बोलेथ' म्हणजे धान्याचं कणीस. फारोच्या स्वप्नात सात भरलेली आणि सात करपलेली कणसं येतात, तिथे हाच शब्द आहे. दुसरा अर्थ पाण्याचा लोंढा, प्रवाह. नदीच्या उतारावर विचारलेला शब्द म्हणून दुसरा अर्थ जास्त शोभतो असं काही अभ्यासकांना वाटतं. आजच्या हिब्रूत ओट्सना 'शिबोलेत शुआल' म्हणतात, म्हणजे कोल्ह्याचं कणीस. म्हणजे हा भयंकर शब्द तिकडे रोज न्याहारीच्या डब्यावर छापलेला असतो.

मुक्तछंद :
वा, ग्रंथकीटक! म्हणजे 'शिबलेथ' या शब्दाच्या अर्थाचा शिबलेथशी काही संबंधच नाही? कणीस असो की लोंढा, फरक शून्य?

ग्रंथकीटक :
शून्य. आणि त्यामुळे भाषांतरकारांची कशी पंचाईत झाली ते पाहा. जुन्या कराराचं ग्रीक भाषांतर इसवी सनापूर्वीच सुरू झालं. ग्रीकमध्ये 'श' हा ध्वनीच नाही. आता 'शिब्बोलेथ' आणि 'सिब्बोलेथ' हा फरक लिहायचा कसा? त्या भाषांतराचे दोन पाठ आपल्यापर्यंत आलेत. एकात गिलादी म्हणतात, 'कणीस' म्हण. दुसऱ्यात म्हणतात, 'संकेतशब्द' सांग. पहिल्याने अर्थ राखला आणि गोष्टीचा जीव घेतला. दुसऱ्याने तुमचं ते 'परवलीचा शब्द' केलं.

ध्वनिमित्र :
आणि तिथेच गल्लत झाली. मुक्तछंद, तुम्हाला 'परवलीचा शब्द' का खटकतो ते आता सांगता येईल.

परवलीचा शब्द हे गुपित असतं. तो तुम्हाला माहीत आहे की नाही एवढाच प्रश्न. फितुरी झाली, कुणी चोरून ऐकला, की शत्रूही आत. म्हणून तर तो रोज बदलायचा. शिबलेथमध्ये गुपित काहीच नाही. पहारेकरी स्वतःच शब्द मोठ्याने सांगतो आणि म्हणतो, आता तू म्हण. उत्तर समोर ठेवलेलं असतं आणि तरीही देता येत नाही. माहिती असून उपयोग नाही, कारण परीक्षा जिभेची आहे. परवलीचा शब्द बदलता येतो. जीभ कशी बदलणार?

दोन्हींचा संगम झाल्याचं एक उदाहरण आहे. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीत उतरलेल्या अमेरिकन हवाई सैनिकांचा इशारा 'फ्लॅश' होता आणि त्याला उत्तर 'थंडर'. त्याच्या जोडीला 'वेलकम'. हा परवलीचाच शब्द झाला. पण 'थंडर'मधला इंग्रजी 'थ' आणि 'वेलकम'मधला ओठ गोल करून काढायचा 'व', दोन्ही जर्मन जिभेला अवघड. शब्द फुटला तरी उच्चार आडवा यावा अशी ती सोय.

जीभ का वळत नाही, यावर १९८४ चा एक गाजलेला प्रयोग आहे, जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या कॅनडातल्या संशोधकांचा. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या तान्ह्या बाळांना त्यांनी हिंदीतला 'ट' आणि 'त' ऐकवला. इंग्रजीत हा भेद नाही, तिथल्या मोठ्या माणसांना तो सहसा ऐकूच येत नाही. पण सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो ओळखता आला. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांमध्ये ती क्षमता जवळपास मावळलेली. म्हणजे वर्षाचं होईपर्यंत कान आपल्या भाषेपुरते आवरते घेतलेले असतात. एफ्राइम्याला 'श' म्हणता येत नव्हता, की आपण चुकीचं म्हणतोय हे त्याला ऐकूच येत नव्हतं? वचनात तेवढंच आहे की त्याला 'नीट उच्चारता येईना'. मला दुसरी शक्यताही तितकीच खरी वाटते.

रानवाट :
मराठीत असा शब्द निवडायचा झाला तर माझं मत 'चिंच'ला. पहिला च 'चहा'तला, दुसरा च 'चाक'मधला. अक्षर एकच, उच्चार दोन, आणि लिपीत त्याची काही खूण नाही. कागदावर लिहून दिला तरी परक्याला पार होता यायचं नाही. आपल्याला मात्र असे दोन च आहेत हेसुद्धा कुणी सांगेपर्यंत जाणवत नाही.

भोचक :
'ळ' घ्या की. सोपा, सुटसुटीत.

रानवाट :
'ळ' दिसतो. दिसणाऱ्या अक्षराची तयारी करता येते. 'चिंच' बेसावध गाठते.

भोचक :
मान्य. पण माझी एक शंका. यार्देनच्या उतारावर एखादा अस्सल गिलादी म्हातारा आला, समोरचे दात पडलेले, आणि म्हणाला 'सिब्बोलेथ'. त्याचं काय?

खडूस आजोबा :
दात पडलेल्या म्हाताऱ्यांच्या वतीने मी उत्तर देतो. त्याचं काय होतं ते वचनात लिहिलेलं नाही, पण चाळणी कुठलीही असो, तिच्यात आपलीही माणसं अडकतात. शिवाय चाळणी धरणारा किती शहाणा, यावर सगळं.

डिसेंबर १९४४, आर्डेनच्या जंगलातली लढाई. जर्मनांनी ओटो स्कोर्झेनीच्या हाताखाली इंग्रजी बोलणारे सैनिक अमेरिकन गणवेश चढवून अमेरिकन आघाडीच्या मागे सोडले होते. बातमी पसरली आणि अमेरिकन पहारेकरी दिसेल त्याला अडवून प्रश्न विचारू लागले. उच्चारावर भरवसा नव्हता, म्हणून अमेरिकन माणसालाच माहीत असेल अशी माहिती : राज्यांच्या राजधान्या, बेसबॉलचे संघ, सिनेनट्यांचे नवरे. जनरल ओमर ब्रॅडली, म्हणजे त्यांचाच सेनापती, तीनदा अडवला गेला. इलिनॉयची राजधानी विचारली, त्याने 'स्प्रिंगफील्ड' सांगितलं, जे बरोबर आहे. पहारेकरी हटून बसला की शिकागो. पुढे एकाने नटी बेटी ग्रेबलचा सध्याचा नवरा विचारला. सेनापतीला ते आलं नाही. पहारेकऱ्याला एवढा आनंद झाला की त्याने सोडून दिलं. ब्रिगेडियर जनरल ब्रूस क्लार्क एवढा सुदैवी नव्हता. शिकागो कब्ज हा संघ त्याने चुकीच्या लीगमध्ये घातला आणि हेर समजून त्याला काही काळ डांबून ठेवलं.

बरोबर उत्तर देणारा संशयित आणि उत्तर न येणारा मोकळा. ही तुमची शास्त्रशुद्ध चाचणी.

नेटकरीण :
आजोबा, भारी!

उंबरठा :
मुक्तछंदच्या यादीतल्या चणे, लोणी, ढाल, पार्स्ली यांच्या गोष्टी मला माहीत आहेत, पण त्या सारख्याच खात्रीच्या नाहीत, म्हणून सुट्या करून लिहिते.

चणे : १२८२, सिसिली. पालेर्मोमध्ये फ्रेंच राजवटीविरुद्ध ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी उठाव झाला आणि फ्रेंचांची कत्तल झाली, हा इतिहास. लपलेल्या फ्रेंचांना 'चीचिरी' म्हणजे चणे म्हणायला लावत, ही परंपरेने चालत आलेली कथा. ढाल : १८ मे १३०२, ब्रुज शहर. पहाटे फ्लेमिश लोकांनी फ्रेंच शिबंदी कापली. त्यांनी वापरलेला म्हणून जो शब्दप्रयोग सांगतात त्याचा अर्थ 'ढाल आणि मित्र'. त्यातला 'स्ख' फ्रेंचांना जमत नसे. लोणी : हॉलंडच्या उत्तरेकडच्या फ्रिसियन लोकांचं यमक, 'लोणी, पाव आणि हिरवं चीज, ज्याला हे म्हणता येत नाही तो खरा फ्रिसियन नव्हे'. सोळाव्या शतकातल्या पियर नावाच्या बंडखोराशी ते जोडतात. ही दंतकथाच समजा. लंडनमध्ये १३८१ च्या शेतकरी उठावात फ्लेमिश विणकरांना 'ब्रेड अँड चीज' म्हणायला लावल्याचं एका जुन्या बखरीत आहे.

पार्स्लीवर मात्र थांबायला हवं. ऑक्टोबर १९३७, डॉमिनिकन रिपब्लिक. हुकूमशहा राफाएल त्रुहियोच्या आदेशावरून सीमाभागातल्या हैतीवंशीय लोकांची काही दिवसांत कत्तल झाली. मृतांचे अंदाज काही हजारांपासून वीस हजारांच्याही वर जातात. सैनिक पार्स्लीची जुडी दाखवून 'हे काय?' विचारायचे. स्पॅनिशमध्ये 'पेरेहिल'. हैतीची क्रेओल बोलणाऱ्याला तो जिभेचा 'र' आणि घशातला 'ह' जमायचा नाही, की संपलं. अशी ती प्रसिद्ध गोष्ट, आणि इंग्रजीत या हत्याकांडाचं नावच 'पार्स्ली मॅसेकर' पडलं.

पण इतिहासकारांनी सीमेवरच्या लोकांच्या आठवणी गोळा केल्या तेव्हा चित्र बदललं. तिथे दोन्ही समाज पिढ्यान्‌पिढ्या मिसळून राहत होते. मारले गेलेले कित्येक जण जन्माने तिथलेच, दोन्ही भाषा बोलणारे. शब्द नीट म्हणता येणारेही मारले गेले. मारायला बंदुकांऐवजी बहुतकरून कोयते वापरले, म्हणजे हे सैन्याचं काम न वाटता गावकऱ्यांचा उद्रेक वाटावा. हैतीचे लोक या घटनेला पार्स्लीचं नाव देत नाहीत. त्यांच्या बोलीत ती 'कुट कुतो', सुरीचा घाव. डॉमिनिकन लोक म्हणतात 'एल कोर्ते', कापणी.

म्हणून मला शिबलेथच्या गोष्टी गंमत म्हणून सांगितल्या की अस्वस्थ वाटतं. 'उच्चार चुकला म्हणून मेला' या वाक्यात दोष नकळत जिभेवर जातो. उतार आधी अडवलेले होते, कोयते आधी वाटलेले होते. शब्द मागाहून आला.

मुक्तछंद :
उंबरठा, हे वाचून थांबले थोडा वेळ. धन्यवाद.

ग्रंथकीटक :
+१. ताजं उदाहरण युक्रेनचं. २०२२ मध्ये रशियन आक्रमण सुरू झालं तेव्हा 'पाल्यानित्स्या' हा शब्द जगभर पोचला. एक प्रकारचा गोल पाव. शेवटचा मऊ 'त्स्या' रशियन भाषकाकडून 'त्सा' होतो. यातही उंबरठांची अडचण आहेच, कारण युक्रेनमध्ये रशियन मातृभाषा असलेले नागरिक लाखोंनी आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये युक्रेनने आपल्या नव्या लांब पल्ल्याच्या शस्त्राचं नाव जाहीर केलं, तेही 'पाल्यानित्स्या'.

नेटकरीण :
माझं क्षेत्र वेगळं, पण हा शब्द मला रोज दिसतो. विद्यापीठांच्या ग्रंथालयांत 'तुमच्या संस्थेच्या खात्याने प्रवेश करा' असा पर्याय येतो ना, त्यामागे अनेक ठिकाणी 'शिबलेथ' नावाचीच प्रणाली असते. इंटरनेट-टू या अमेरिकन संस्थासमूहाचा प्रकल्प, २००० साली सुरू झालेला, पहिली आवृत्ती २००३ ची. वाचक जर्नलच्या संकेतस्थळावर जातो, ते त्याला त्याच्या विद्यापीठाकडे पाठवतं, विद्यापीठ पासवर्ड तपासतं आणि जर्नलला एवढंच कळवतं की हा आमचा आहे. पासवर्ड जर्नलला कधीच दिसत नाही, बऱ्याचदा नावसुद्धा नाही.

ध्वनिमित्रांच्या व्याख्येने हे शिबलेथ नाहीच, शुद्ध परवली आहे. पासवर्ड दुसऱ्याला दिला की तोही आत! पण 'तू कोण' यापेक्षा 'तू कुणाचा' हे विचारणं, तेवढं यार्देनच्या उताराशी जुळतं.

खडूस आजोबा :
सगळं ठीक. पण तिसरा अर्थ मला अजिबात मान्य नाही. 'जुनी शिबलेथं टाकून द्या' असं लिहिणाऱ्याला 'क्लिशे' किंवा 'घिसापिटा समज' म्हणायचं असतं आणि जरा भारदस्त दिसावं म्हणून तो बायबल काढतो. चाचणी गेली, उच्चार गेला, नदी गेली. उरलं काय?

ध्वनिमित्र :
आजोबा, उरलेलं सांगतो. मधला अर्थ वगळून पहिल्यावरून तिसऱ्यावर उडी मारली तर तुमचा आक्षेप बरोबर. मधून चालत गेलं तर वाट सापडते.

उच्चारावरून आधी बोली, मग शब्दांची निवड. उत्तर आयर्लंडमध्ये इंग्रजी वर्णमालेतल्या आठव्या अक्षराचं नाव सर्वसाधारणपणे प्रोटेस्टंट 'एच' म्हणतात आणि कॅथलिक 'हेच'. एका अक्षरावरून माणसाचा धर्म आणि बहुधा मतदानही ओळखता येतं. इंग्लंडमध्ये १९५४ साली अॅलन रॉस या भाषाशास्त्रज्ञाने उच्चवर्गीय आणि इतर यांच्या बोलण्यातले फरक नोंदवले, आणि पुढच्या वर्षी नॅन्सी मिटफर्डच्या लेखाने ते घरोघरी पोचवले. उच्चवर्गीय 'नॅपकिन' म्हणणार, खालून वर येऊ पाहणारा 'सर्व्हिएट' म्हणणार. आरशाला ते 'लुकिंग-ग्लास' म्हणणार, हा 'मिरर' म्हणणार. जास्त नाजूक, फ्रेंच वळणाचा शब्द निवडण्याच्या प्रयत्नातच माणूस पकडला जातो.

मग व्याकरणाचे नियम. इंग्रजीत 'टू' आणि क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण घालू नये, वाक्याचा शेवट शब्दयोगी अव्ययाने करू नये. या नियमांनी अर्थ अधिक स्पष्ट होतो असं नाही. कधी कधी तर वाक्य बिघडतं. तरी ते पाळतात, कारण पाळणारा 'शिकलेला' ठरतो. इथे शिबलेथ उच्चारातून आचारात आलं. आणि आचारातून मतात यायला कितीसा वेळ लागतो? एखाद्या पक्षात, पंथात, शास्त्रशाखेत काही वाक्यं अशी असतात की ती खरी आहेत का हे कुणी तपासत नाही. ती म्हणायची असतात. म्हणणारा आपला, न म्हणणारा संशयित. फ्रॉइडने १९२० मध्ये एका तळटीपेत ईडिपस गंडाबद्दल (मुलाला आईची ओढ आणि बापाचा मत्सर, ही त्याची कल्पना) सरळ लिहिलंय की मनोविश्लेषणाचे अनुयायी आणि विरोधक यांना वेगळं करणारं हे शिबलेथ आहे. तिथे उच्चाराचा काही संबंध नाही, तरी नदीचा उतार दिसतो की नाही?

जोडणारं सूत्र मुक्तछंदना आधीच सापडलं होतं : शब्दाच्या अर्थाशी संबंध शून्य. कणीस म्हणालात की लोंढा, फरक पडत नाही, तसंच त्या वाक्यांत काय म्हटलंय यानेही फरक पडत नाही. उच्चारलंत, पार झालात. मजकूर असा बिनमहत्त्वाचा झाला की तो पोकळ वाटू लागणारच. तो तिसरा अर्थ.

खडूस आजोबा :
हं. मग क्लिशेत आणि यात फरक एवढाच की क्लिशे वगळला तर कुणी विचारत नाही, आणि शिबलेथ वगळलं तर 'हा कोण रे बाबा' म्हणून लोक बघतात?

ध्वनिमित्र :
याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

खडूस आजोबा :
तरी नव्वद टक्के लोक चुकीचंच वापरतात. (टक्केवारी माझ्या मनाची.)

उंबरठा :
दुसऱ्या अर्थाचं आपल्या भाषेतलं उदाहरण कुणी काढत नाहीये, म्हणून मीच काढते. 'पाणी' की 'पानी'. 'न' आणि 'ण' यांच्यावरून माणसाच्या शिक्षणाचा, घराचा आणि त्याही पलीकडचा अंदाज बांधून बोलणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत. अर्थ दोन्हीकडे तोच पोचतो. समोरचा तहानेला आहे हे कळायला कुणाला अडचण येत नाही. 'शुद्ध' हा शब्द तिथे व्याकरणाचं काम कमी आणि पहारेकऱ्याचं जास्त करतो.

रानवाट :
ही चर्चा पूर्वी झाली की धागे बंद पडायचे. पण मुद्दा शंभर टक्के बरोबर. माझ्या 'चिंचे'त मजा वाटत होती ती आता जरा कमी झाली.

भोचक :
आजही सरकारी पातळीवर असं कुठे चालतं का? म्हणजे अधिकृतपणे?

उंबरठा :
चालतं, फक्त नाव सौम्य आहे. १९९० च्या दशकापासून काही देश आश्रय मागणाऱ्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून ते खरंच सांगतात त्या प्रदेशातले आहेत का, याचं भाषिक विश्लेषण करून घेतात. कागदपत्रं नसलेल्या माणसासाठी तो पुरावाही ठरू शकतो, म्हणजे उपयोग दोन्ही बाजूंनी. पण सुरुवातीला हे काम भाषाशास्त्राचं शिक्षण नसलेले लोकही करत. २००४ मध्ये काही भाषाशास्त्रज्ञांनी एकत्र येऊन मार्गदर्शक तत्त्वं लिहिली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : भाषेवरून माणूस कुठल्या समाजात वाढला याचा अंदाज येतो, नागरिकत्व कळत नाही. सीमा भाषा बघून आखलेल्या नसतात. आणि छावण्यांत, वाटेत वर्षं काढलेल्या माणसाची बोली मिसळणारच.

याच सीमांवर कोलंबियाच्या डोरिस साल्सेदो या शिल्पकर्तीचं काम आहे. २००७ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयाच्या भल्याथोरल्या दालनात तिने फरशीला १६७ मीटर लांबीची भेग पाडली. शीर्षक 'शिबलेथ'. प्रदर्शन संपल्यावर भेग बुजवली, पण व्रण अजून फरशीवर दिसतो.

मुक्तछंद :
आता मराठी प्रतिशब्दांचं काय करायचं? पहिल्या अर्थासाठी मला 'उच्चारकसोटी' सुचतोय. दुसऱ्यासाठी 'ओळखखूण'. तिसऱ्यासाठी अडले आहे. 'पालुपद'?

ग्रंथकीटक :
'पालुपद' नुसतं पुन्हापुन्हा येतं, त्यात सक्ती नाही. 'ब्रीद' जवळ जातं, पण ब्रीदात अभिमान असतो, पोकळपणा नसतो. 'गळ्यातली माळ' म्हणता येईल का? भक्ती असो नसो, माळ दिसली पाहिजे.

खडूस आजोबा :
माळकऱ्यांनी तुमचा समाचार घेतला तर मी मध्ये पडणार नाही. तिन्हींना एकच मराठी शब्द सापडणार नाही. गरजेप्रमाणे वेगळे वापरा, नाहीतर सरळ 'शिबलेथ' लिहा आणि पहिल्या वेळी अर्थ सांगा.

नेटकरीण :
मला इंग्रजीत लिहावं लागतं, म्हणून तीन वाक्यं तपासून हवी आहेत. मराठीत सांगते, शब्द तेवढा तोच ठेवते. एक : 'आमच्या खात्यात अमुक एक साधन न वापरणाऱ्याला कुणी प्रोग्रामर मानत नाही, ते शिबलेथ झालंय.' दोन : 'ग्राहक हा राजा असतो, हे शिबलेथ आम्ही बैठकीत पुन्हा ऐकलं.' तीन : 'सर्व्हरचं शिबलेथ दर तीन महिन्यांनी बदला.'

ध्वनिमित्र :
पहिलं चोख. तिसरं चूक, तिथे पासवर्डच लिहा, शिबलेथ कुणाला बदलता येत नाही. दुसऱ्याचं उत्तर तुमच्या कंपनीवर अवलंबून आहे : बैठकीत ते वाक्य न म्हणणाऱ्याकडे लोक वळून बघतात का?

नेटकरीण :
कुणी ऐकतही नाही हो.

ध्वनिमित्र :
मग 'क्लिशे' लिहा.